टायर नव्हे, पत्रा

वाशिम जिल्ह्यातल्या आपल्या मालेगाव तालुक्यात सोयाबीनची सोंगणी आणि परतीचा पाऊस बहुधा बरोबरच येतात. विजा कडाडू लागल्या की जवळच्या एसटीत किंवा जीपमध्ये शिरावं, काचा लावून घ्याव्यात, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण का, असं विचारलं तर उत्तर येतं, टायर रबराचे असतात म्हणून! हे कारण चुकीचं आहे, आणि ते जिवावर बेतू शकतं. कारण रबरी टायर मोटारसायकललाही असतात आणि उघड्या ट्रॅक्टरलाही. ढगापासून काही किलोमीटर हवा फोडत आलेल्या विजेला वीतभर रबर काय अडवणार?

वाचवतो तो चोहोबाजूंचा पत्रा. धातूतले इलेक्ट्रॉन मोकळे असतात आणि सारखे प्रभार एकमेकांना दूर लोटतात. आत जराही ओढ उरली असेल तोवर ते सरकतच राहतात. थांबतात तेव्हा सगळा जादा प्रभार बाहेरच्या पृष्ठभागावर गेलेला असतो. मायकेल फॅरडेने १८३६ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बारा फूट लांबी-रुंदी-उंचीचा लाकडी सांगाडा उभारला, त्यावर तांब्याची तार आणि कथलाचा वर्ख चढवला. बाहेरून ठिणग्या उडत होत्या आणि फॅरडे पेटत्या मेणबत्त्या व प्रभार ओळखणारी उपकरणं घेऊन आत होता. त्या उपकरणांना कशाचाही मागमूस लागला नाही.

कोणी म्हणेल, प्रयोगातला प्रभार पृष्ठभागावर साठलेला होता, वीज तर धावती. शंका रास्त आहे. पण विजेचा प्रवाह डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी चढतो-उतरतो, आणि इतका झपाट्याने बदलणारा प्रवाह धातूच्या बाहेरच्या अंगानेच वाहतो. पत्र्यावरून उतरून तो टायरपाशी जमिनीत उडी घेतो. म्हणूनच आत बसल्यावर दाराची मूठ किंवा लोखंडी दांडी धरू नये. मग शेतातल्या चार खांबांवरच्या पत्र्याखाली थांबलं तर? मुळीच नाही, बाजू उघड्या असतील तर ते कवच नव्हे. शिवाय प्रभार पृष्ठभागावर सारखा पसरत नाही, टोकाशी दाटतो, आणि मोकळ्या रानात ते टोक म्हणजे एकटं झाड किंवा उभा माणूस. ट्रॅक्टरच्या सीटवर बसलेल्याचं डोकंही असंच उंचावर, उघडं असतं. तेव्हा पहिला गडगडाट कानी आला की विळा खाली ठेवावा आणि पक्कं घर किंवा बंद गाडी गाठावी. सुडी झाकायला मागे थांबू नये.