शाळेतील मारामारी आणि शिक्षकाचा न्याय

(शिक्षक व कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



अर्थशास्त्राच्या माणसाला शाळेतील मारामारीवर बोलावयास बोलाविले, याचे काहींना नवल वाटले असेल. माझा अधिकार एवढाच की, अशा एका मारामारीत मी स्वतः होतो. १९७२ च्या दुष्काळाचे ते वर्ष. मी आठवीत होतो. माझे वडील कचेरीत कारकून. शेजारच्या बाकावरील मुलाचे आईवडील दुष्काळी कामावर खडी फोडीत. मधल्या सुट्टीत तो सुकडी खाई आणि आम्ही त्याला त्यावरून चिडवीत असू. तीन-चार दिवस त्याने ऐकून घेतले. मग एके दिवशी माझ्या तोंडावर ठोसा मारला. मास्तर आले. "सुरुवात कोणी केली?" असे त्यांनी भर वर्गात विचारले आणि साऱ्या वर्गाने त्याच्याकडे बोट दाखविले. तरीही मास्तर निःपक्षपाती! दोघांनाही सहा-सहा छड्या, आणि "उद्या वडिलांना घेऊन या" ही ताकीदही दोघांना सारखीच. माझे वडील अर्ध्या दिवसाची रजा टाकून आले. त्याचे वडील आले नाहीत. खाडा झाला की मजुरी बुडे. तोही पुन्हा शाळेत आला नाही.

सारखे वाटप म्हणजे न्याय नव्हे, हे मी पुढे तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकविले. त्या बारा छड्यांचा हिशेब मात्र मला फार उशिरा उमगला.

मास्तर दुष्ट नव्हते. त्यांचा प्रश्न चुकीचा होता. 'सुरुवात कोणी केली' याचे उत्तर नेहमी पहिल्या ठोशापाशी थांबते. त्याआधीचे चार दिवस कोणी विचारीत नाही. म्हणून मारामारी सोडविताच निवाड्याची घाई करू नये. मुलांना वेगळे करावे, कोणाला लागले आहे का ते पाहावे, बघ्यांना वर्गात पाठवावे. राग ओसरल्यावर दोघांशी स्वतंत्रपणे, चारचौघांच्या नजरेआड बोलावे. दोन तुल्यबळ मुलांची झटापट असेल तर ती बहुधा संध्याकाळपर्यंत विरते. तिचे शिक्षकानेही फार अवडंबर माजवू नये. पण एकाच मुलाला रोज गाठून, त्याच्या जातीवरून, धर्मावरून, बापाच्या धंद्यावरून टोचले जात असेल, तर ते भांडण नव्हे, तो छळ आहे. तेथे बळजबरीने हात मिळवायला लावणे म्हणजे छळणाऱ्याच्या हाती दाखला देणे होय.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. "छडी गेली, आता धाक कसला?" असे शिक्षकमित्र विचारतात. मारल्याबद्दल मारणे यातून मूल एकच गोष्ट शिकते : मारण्याचा हक्क मोठ्यांचा असतो. पण या शिक्षकांच्या तक्रारीत तथ्य मुळीच नाही, असे मी म्हणणार नाही. उच्च प्राथमिक वर्गात पस्तीस मुलांमागे एक शिक्षक, असे त्याच कायद्याची अनुसूची सांगते. पटावर साठ-सत्तर मुले, त्यात निवडणूक आणि जनगणना यांची कामे त्याच कायद्याने शिक्षकाच्या माथी राखलेली. त्याने दोघांचे स्वतंत्र ऐकून घ्यायचे ते कोणत्या तासाला? छडी काढून घेणाऱ्या शासनाने तिच्या जागी वेळ आणि माणसे दिली पाहिजेत, ही मागणी आपली आहे व ती सोडता कामा नये.

आणखी एक गोष्ट. ऑगस्ट २०२४ मध्ये उदयपूरच्या एका सरकारी शाळेतील दहावीच्या मुलाने वर्गमित्राला चाकूने भोसकले. तो मुलगा तीन दिवसांनी गेला. दोघांचे धर्म भिन्न होते. त्याच दिवशी शहरात जाळपोळ झाली आणि दुसऱ्या दिवशी, आरोपी मुलाचे कुटुंब ज्या घरात भाड्याने राहत होते ते घर अतिक्रमण ठरवून पाडण्यात आले. एका आईचा मुलगा गेला, हे दुःख तर कशानेच भरून येणारे नाही. पण मुलाच्या गुन्ह्यासाठी घरमालकाच्या भिंती पाडणे याला न्याय म्हणायचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी अशा पाडापाडीविरुद्ध निर्णय दिला, तोवर ते घर उरले नव्हते. शाळेतील कुरबूर वेळीच ऐकणारा शिक्षक अशा वेळी केवढे अरिष्ट टाळू शकतो, याचा अंदाज बांधता येत नाही. कारण टळलेल्या अरिष्टांची नोंद कोणी ठेवीत नाही.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे साधे आहे. कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्या वस्तीतील समितीची शेवटची बैठक केव्हा झाली, तिला मजूर बाया होत्या की नुसत्या सह्या होत्या, हे या आठवड्यात जाऊन पाहा. बैठक संध्याकाळी, मजुरी सुटल्यावर घ्यावी, असा ठराव करून घ्या. आणि भांडणासाठी पालकांना बोलावणे असेल, तर तेही त्याच वेळी. गरज पडल्यास शिक्षकाने त्यांच्या घरी जावे. माझ्या त्या वर्गमित्राचे घर शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर होते.