डिस्कवरील जागेचा हिशेब

१८६४ साली स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय किंवा १८९३ पासूनचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय यांनी जतन केलेल्या ग्रंथांसारख्या एखाद्या जीर्ण ग्रंथाचे ए-फोर आकाराचे एकच पान इंचाला ३०० ठिपके धरून, रंगीत आणि असंकुचित स्वरूपात स्कॅन केले, तर ते हार्ड डिस्कवर सुमारे २६ मेगाबाइट जागा व्यापते, आणि ३०० पानांचा ग्रंथ जवळजवळ आठ गिगाबाइट अडवून बसतो. म्हणून डिस्क भरली की पहिली तपासणी चित्रांची व चलच्चित्रांची करावी.

कोणती फाइल किती जागा व्यापते, हे एका नजरेत दाखवणारी युक्तीही आहे. १९९० साली अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेतील ८० मेगाबाइटची डिस्क १४ जण वापरीत असत, आणि ती भरली तेव्हा जागा नेमकी कोणी व्यापली याचा छडा लावण्यासाठी श्नायडरमन यांनी भूमापनाच्या नकाशासारखी एक सुंदर आकृती योजिली, जिच्यात प्रत्येक फाइलीचा आयत तिच्या आकारमानाच्या प्रमाणात लहानमोठा दिसतो. ‘विनडिरस्टॅट’ हा विनामूल्य प्रोग्राम आजही तसाच नकाशा काढतो. विंडोजच्या सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’ हे सदर प्रकारनिहाय तपशील देते.

जागा मोकळी करताना ध्यानात ठेवावे, की रिसायकल बिनमधील फाइल, तो रिकामा होईपर्यंत, जागा सोडीत नाही. ‘विंडोज’ नावाच्या फोल्डरातील काहीही हाताने काढू नये. आणि दुर्मिळ ग्रंथाची मूळ स्कॅन-प्रत तर, मूळ पाने पुन्हा हाती येतीलच याची शाश्वती नसल्यामुळे, दुसऱ्या डिस्कवर उतरवून व उघडून पडताळल्यावाचून मुळीच खोडू नये.