"माझ्याकडे तर चालतंय!"



"तू कॉम्प्युटरमध्ये नक्की करतेस तरी काय?" हा प्रश्न आज सकाळपासून पाच जणांनी विचारला. त्याचं उत्तर म्हणून एकच प्रसंग सांगते. त्यात चूक माझीच होती, म्हणून तो नीट लक्षात आहे.

आम्ही लिहिलेला प्रोग्राम यंत्राला समजेल अशा रूपात आणायचं काम कंपायलर करतो. लिनक्सवर बहुतेक ठिकाणी जीसीसी असतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो 1987 मध्ये पहिल्यांदा सर्वांना खुला केला. रोज लागणारी बारीकसारीक कामं प्रत्येक प्रोग्राममध्ये नव्याने लिहीत नाहीत, ती तयार लायब्ररीत असतात. प्रोग्राम चालताना ती लायब्ररी सापडली पाहिजे.

आता आपली बोर्डाची परीक्षा आठवा. सराव आपल्या शाळेत, केंद्र दुसऱ्याच शाळेत! कंपायलर आपल्या शाळेसारखा. आपण स्वतः कुठे आहोत यावरून तो आपल्या लायब्रऱ्या शोधतो. त्याचं सगळं बिऱ्हाड उचलून दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलं तरी त्याचं अडत नाही. पण प्रोग्राम चालतो तेव्हा कंपायलर सोबत नसतो. तेव्हा शोध घेतो तो लोडर, आणि तो त्या यंत्राचे नियम पाळतो. परीक्षा केंद्राच्या फळ्यावर आसन क्रमांकांची यादी असायची ना, तशी लोडरकडेही यादी असते. एलडीकॉन्फिग ही आज्ञा ती यादी नव्याने लिहिते. लायब्ररी नेहमीच्या जागेबाहेर ठेवली आणि यादीत चढवली नाही, तर ती असून नसल्यासारखी.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या यंत्रावर नवा जीसीसी वेगळ्या फोल्डरमध्ये बसवला. प्रोग्राम माझ्याकडे छान चालला आणि ग्राहकाकडे सुरूच होईना. शेवटचा बदल एका नवीन मुलीचा होता. मी तिला कोड पुन्हा तपासायला लावलं. ती म्हणाली, "मॅडम, माझ्या लॉगिनमध्येही हाच एरर येतोय." मला वाटलं, बघा, म्हणजे चूक हिचीच! ती रात्री उशिरापर्यंत बसून होती.

सकाळी मी एलडीडी चालवून पाहिलं. प्रोग्रामला कोणती लायब्ररी कुठून मिळते, ते ही आज्ञा सांगते. माझ्या लॉगिनमध्ये नवी लायब्ररी मिळत होती, तिच्या लॉगिनमध्ये जुनी. सी प्लस प्लसच्या या लायब्ररीच्या नावातला 6 हा आकडा जीसीसी 3.4 पासून, म्हणजे 2004 पासून, तोच आहे. त्यामुळे नाव जुळतं, पण नव्या प्रोग्रामला हवं ते जुन्या फाइलमध्ये नसतं. आणि माझ्याकडे नवी का मिळत होती? कारण 'एलडी लायब्ररी पाथ'ची एक ओळ मीच महिनाभरापूर्वी माझ्या लॉगिनमध्ये लिहून ठेवली होती आणि विसरले होते.

उपाय सोपा होता. नवी लायब्ररी प्रोग्रामसोबतच पाठवली आणि प्रोग्रामच्या आतच लिहून ठेवलं, की मी जिथे असेन तिथून शेजारच्या फोल्डरमध्ये बघ. याला 'ओरिजिन' धरून पत्ता देणं म्हणतात. मग ग्राहकाने तो कुठेही ठेवो.

त्या मुलीची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. रात्री तिला एकटीला बसवलं होतं, तेव्हा माफी एकटीत मागून भागलं नसतं.

गणिताच्या बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, उत्तर बरोबर आलं तरी तुम्ही पायऱ्या नसल्या की गुण कापायचात. तेव्हा फार राग यायचा. "माझ्याकडे तर चालतंय" हे नुसतं उत्तर होतं, पायऱ्या मी दाखवल्याच नव्हत्या. आता आमच्याकडे कोणताही प्रोग्राम बाहेर जाण्याआधी कोऱ्या यंत्रावर चालवून बघतो, आणि दोष कुणाचा हे एलडीडी बघितल्याशिवाय बोलत नाही.

बाई, तेवढे गुण आता द्याल ना?