दोघांत एक गोधडी

(गणेशोत्सवातील सायंकालीन कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चेन्नईत, पंख्याखाली घाम पुसत, पांघरुणावर भाषण ऐकायचे म्हणजे श्रोत्यांची परीक्षाच आहे. पण आपल्यातली बरीच मंडळी सुट्टीत गावी गेली की सह्याद्रीत जातात, इथून उटी-कोडाईकनालला जातात. मुले शिकायला बाहेर पडली की दोघेच जातात. चाळिशी ओलांडली की मुक्कामाची भटकंती हळूहळू बंद होते. कारण विचारले तर बहुतेक जण गुडघ्याकडे बोट दाखवतात. मी म्हणतो, आधी पाठीवरची सॅक वजनकाट्यावर ठेवा.

आमच्या घरी तेच केले. दोन साध्या स्लीपिंग बॅगा मिळून तीन किलोंच्या वर भरल्या. सौ.च्या गुडघ्यांना डॉक्टरांनी ओझे कमी करायला सांगितले होते. म्हणून आम्ही उभयतांनी दोघांत एक अशी हलकी गोधडी घरीच शिवली. तिचे वजन सुमारे १ किलो ३५० ग्रॅम, म्हणजे माणशी पावणेसातशे ग्रॅम. ती कशी, हे सांगायला मी उभा आहे.

प्रथम शास्त्र. पांघरूण ऊब निर्माण करत नाही. ऊब आपल्या शरीराची. पांघरूण फक्त ती अडवते, आणि अडवण्याचे काम कापडापेक्षा त्यात अडकलेली स्थिर हवा करते. आम्हा रेल्वेवाल्यांना हे ओळखीचे आहे. वातानुकूलित डब्याच्या भिंतीत ग्लास वूल भरतात ते याचसाठी, आणि ते दाबून चपटे केले तर निम्मे काम गेले. आता स्लीपिंग बॅगेत झोपलेला माणूस पाहा. त्याच्या अंगाखालचा भाग वजनाने चेपून जातो. तेवढा भराव आपण डोंगरावर वाहून नेतो आणि तो जवळजवळ काहीच काम करत नाही. जमिनीचा गारठा खरा अडवते ती खालची मॅट. मग अंगाखालचा भाग हवाच कशाला?

दुसरा मुद्दा दोघांचा. एकाला साधारण १४० सेंटिमीटर रुंद पांघरूण लागते, दोघांची दोन म्हणजे २८०. एकत्र झोपल्यास २१५ पुरते. जवळजवळ चौथा हिस्सा वाचला. शिवाय एकमेकांकडची बाजू थंडीला उघडी पडत नाही, हा फायदा वेगळाच.

ही कल्पना माझी नव्हे. अमेरिकेतले रे जार्डिन हे मुळात एरोस्पेस अभियंता आणि नामांकित प्रस्तरारोहक. कड्याच्या भेगेत अडकवायचे ‘फ्रेंड्स’ नावाचे साधन त्यांनीच १९७०च्या दशकात तयार केले. पुढे ते आणि त्यांच्या पत्नी जेनी यांनी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही चार हजार किलोमीटरांहून लांब वाट अनेकदा चालून काढली, तीही घरी शिवलेल्या सामानावर, दोघांत एक पांघरूण घेऊन. १९९९ साली ‘बियॉन्ड बॅकपॅकिंग’ या पुस्तकात त्यांनी ते सविस्तर मांडले.

आपल्याकडे तर गोधडी घराघरांत होती. कुठे तिला वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर आणि त्यावर जवळजवळ धावदोरा. थरांमध्ये हवा अडकते, म्हणून ती उबदार. पण चार-पाच सुती साड्यांची गोधडी सहज दोन किलोंची होते, आणि सुती कापड ओले झाले की लवकर वाळत नाही. पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणजे ओली गोधडी उलट गारठवते. तेव्हा आजीची रीत ठेवायची, जिन्नस बदलायचे.

वरखाली कापड विंडचीटरचे पातळ रिपस्टॉप नायलॉन. जॉर्ज टाऊनमध्ये गोडाऊन स्ट्रीटला कापडाचा घाऊक बाजार आहे, तिथून चौकशी सुरू करावी. जाताना स्वयंपाकघरातला डिजिटल काटा बरोबर न्या. साधारण १४७ सेंटिमीटर पन्ह्याच्या एक मीटर कापडाचे वजन ६५ ते ७० ग्रॅम हवे. जलरोधक थर दिलेले कापड घेऊ नका, रात्रभरचा घाम आतच साचतो. आत भरायला पॉलिएस्टर वॅडिंग, दर चौरस मीटरला १०० ग्रॅमची, दोन थर. पिसे अधिक हलकी आणि उबदार असतात, पण महाग असतात आणि दमट हवेत बसतात. पहिल्या प्रयत्नाला पॉलिएस्टरच बरे.

कापणी अशी. २१० सेंटिमीटरचे तीन तुकडे, म्हणजे साडेसहा मीटर कापड पुरते. दोन तुकडे अखंड ठेवा. तिसरा उभा मधोमध कापून एकेक पट्टी दोन्ही अखंड तुकड्यांना जोडा. झाले दोन पदर, सुमारे २१५ रुंद. कडा मेणबत्तीच्या आचेवर किंचित वितळवल्या की सुटत नाहीत. वॅडिंगचे तुकडे एकावर एक न चढवता कडेला कड लावून सैल टाक्यांनी जोडा. दोन थरांचे जोड एकाच ठिकाणी येऊ देऊ नका, नाहीतर तिथून गारवा शिरतो.

शिवताना नायलॉनच्या सुलट बाजू समोरासमोर आणि त्यावर वॅडिंग ठेवा. टाचण्यांनी नायलॉनला भोके पडतात, कपड्यांचे चिमटे लावा. वॅडिंग मशीनच्या दाबपट्टीत अडकते, म्हणून वर वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा. सुई बारीक, दोरा पॉलिएस्टरचा. चारही बाजू शिवून अर्धा मीटर जागा उघडी ठेवा आणि उशीच्या अभ्ऱ्यासारखे उलटे करा.

आता महत्त्वाचे. इथे धावदोरा घालायचा नाही. धावदोऱ्याच्या प्रत्येक ओळीखाली भराव चेपतो आणि हवा जाते. त्याऐवजी दर २५ सेंटिमीटरवर आरपार एक टाका घेऊन सैल गाठ मारा. पन्नास-साठ गाठी होतात. एका संध्याकाळी दोघे समोरासमोर बसून, गप्पा मारत सहज होतात. शेवटी तिन्ही बाजूंना वीतभर पातळ कापडाची झालर लावा. कुशीवर वळताना फट पडत नाही. डोक्याकडच्या कडेत नाडी ओवा, आणि दोघांच्या मानांमध्ये जी पोकळी राहते तिथे हातरुमालाएवढा भरावाचा तुकडा शिवा. थंड वारा नेमका तिथूनच शिरतो. दोन्ही मॅटही पट्ट्यांनी एकमेकींना बांधा.

मर्यादाही सांगतो. टोपी, मोजे, स्वेटर घालून माझ्या अंदाजाने ८ ते १० अंशांपर्यंत ही गोधडी निभावते. डिसेंबर-जानेवारीत उटीकडे दहिवर गोठते. तिथे आणि हिमालयात आणखी थर लागतील. तिची परीक्षा चेन्नईत घेता येत नाही. तेव्हा पहिली रात्र गाडीजवळ किंवा खोलीच्या ओसरीवर काढा, म्हणजे थंडी वाजली तर आत जाता येईल. घरी ती कपाटात सैल टांगून ठेवा. वर्षभर पिशवीत कोंबून ठेवलेला भराव पुन्हा फुलत नाही.

पुरुष मंडळींना एक विनंती. शिलाई मशीन हेही यंत्रच आहे, त्याला घाबरू नये. आणि आपल्या मंडळातल्या ज्या काकू-मावश्यांच्या हातात गोधडीचा टाका आहे, त्यांच्याकडून तो शिकून घ्या. कापड कसे ताणावे, दोरा किती सैल सोडावा हे मला एका आकृतीतून कळले नाही. ते अशाच एका काकूंनी शेजारी बसवून दाखवले. माझ्याकडे मापांचा कागद आहे. दिवाळीनंतर एखाद्या रविवारी जोडीने यायला तयार असलेल्यांनी नावे द्यावीत. कापणी एकत्र करू, गाठी ज्याच्या त्याच्या घरी.