उतरवणे आणि लिहिणे
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



प्राथमिक शाळेत लेखनाला वेळ दिला जात नाही, अशी तक्रार कोणी केली, तर ती खरी ठरणार नाही. परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत मुलांच्या हातातील पेन्सिल फारशी थांबत नाही. शुद्धलेखन, पाठाखालची प्रश्नोत्तरे, फळ्यावरची उदाहरणे, विज्ञानातील व्याख्या, भूगोलाची टिपणे, अशी पानामागून पाने भरत असतात. तथापि ह्या साऱ्या लेखनात मुलाचे स्वतःचे किती, असा प्रश्न विचारला, तर उत्तर देण्यापूर्वी थांबावे लागते. चाळीस मुलांच्या वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवाव्यात. वाक्ये तीच, शब्द तेच, आणि फळ्यावर लिहिताना गुरुजींच्या हातून एखादा काना राहिला असेल, तर तोही चाळीस वह्यांत राहिलेला! डोळ्यांनी पाहिले आणि हाताने उतरवले. बुद्धीला मध्ये काही काम पडलेच नाही.

उतरवणे आणि लिहिणे ह्या दोन भिन्न क्रिया आहेत. उतरवण्याला शाळेत स्थान नाही, असे नव्हे. अक्षराला वळण लावण्यासाठी ते हवेच. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. सुवाच्य अक्षराचा हा आग्रह महाराष्ट्रात जुना आहे. परंतु नांगर घासूनपुसून ओसरीवर ठेवण्यासाठी नसतो. अक्षर वळणदार झाले की त्याने मुलाच्या मनातील विचाराची मशागत करावयाची असते. आणि ती केवळ मराठीच्या तासाला नव्हे, तर गणित, विज्ञान, भूगोल, इतिहास ह्या प्रत्येक विषयात. १९७५ साली इंग्लंडातील बुलक समितीच्या अहवालाने ही गोष्ट आग्रहाने मांडली. भारतातील २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही भाषेचे शिक्षण भाषेच्या तासापुरते मर्यादित मानलेले नाही.

ह्याचे कारण साधे आहे. बोलताना अर्धामुर्धा विचार खपून जातो. वर्गाने एका सुरात ‘हो’ म्हटले की समजले नाही असे मूल त्या सुरात सहज लपते. लिहिताना मात्र वाक्य पुरे करावे लागते. ‘कारण’ हा शब्द लिहिला की त्याच्यापुढे काहीतरी लिहावेच लागते. आपल्याला काय समजले नाही, हे तेथे मुलाला कळते आणि त्याच्या शिक्षकालाही कळते.

प्रथम गणिताचे उदाहरण घ्यावे. ५०२ मधून १७८ वजा करावयाचे आहेत. उत्तर ३२४. एका मुलाच्या वहीत ४७६ आले. शिक्षकाने लाल शाईने फुली मारली, फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवले आणि मुलाने ते उतरवून घेतले. वही बरोबर झाली. मूल मात्र होते तेथेच राहिले. ह्याऐवजी त्याला ‘तू हे कसे केलेस ते दोन-तीन ओळींत लिही’ असे सांगितले, तर तो लिहील, ‘२ मधून ८ जात नाहीत म्हणून ८ मधून २ काढले. ० मधून ७ जात नाहीत म्हणून ७ ठेवले. ५ मधून १ काढला.’ मुलाने आळस केलेला नाही आणि त्याची बुद्धीही मंद नाही. मोठ्या अंकातून लहान अंक काढावयाचा, हा त्याने स्वतःच बसवलेला नियम तो इमानाने पाळीत आहे. फुलीने हा नियम मोडणार नाही. काड्यांचे गठ्ठे हातात देऊन एक शतक सोडवावयाचे, त्यातून निघालेल्या दहा दशकांपैकी एक दशक सुटे करावयाचे, आणि चार शतके, नऊ दशके व बारा सुट्या काड्या त्याच्यापुढे मांडावयाच्या, हा त्यावरील उपाय. तो कोणत्या मुलाला हवा, हे त्या तीन ओळींनी सांगितले.

विज्ञानात लेखनाचा उपयोग प्रयोगानंतर करतात. वस्तुतः त्याची खरी गरज प्रयोगापूर्वी असते. दोन करवंट्यांत माती घालून मटकी पेरावी. दोहोंना सारखे पाणी द्यावे. एक करवंटी खिडकीत ठेवावी, दुसरी बंद कपाटात. कपाटातील बी रुजेल की नाही, आणि का, हे प्रत्येक मुलाने आधी आपल्या वहीत लिहावे. ‘उजेड नाही म्हणून रुजणार नाही’ असे लिहिणारी मुले पुष्कळ निघतील. चार-पाच दिवसांनी कपाट उघडले की अंधारातही बी रुजलेले दिसते. रोप लांब वाढलेले, परंतु पिवळट आणि लेचेपेचे असते. आता मुलांनी तीन वाक्ये लिहावीत: मला काय वाटले होते, मला काय दिसले, आणि म्हणून मला काय वाटते. रुजण्यास पाणी, हवा आणि ऊब लागते. पहिली शिदोरी बियाच्या डाळिंब्यांतच असते. उजेडाचे काम हिरवे पान अन्न तयार करू लागते तेव्हा येते, ही गोष्ट अशा रीतीने लिहिलेले मूल सहसा विसरत नाही. एक पथ्य मात्र पाळावे. चुकलेल्या अंदाजाला खोडरबर लावू देऊ नये. चुकीचा अंदाज आणि त्याखाली स्वतःच्या डोळ्यांनी पाहून केलेली दुरुस्ती, ह्यांहून मोलाचे पान वहीत नसते.

परिसर अभ्यासात तर सामग्री गावातच आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील अवर्षणग्रस्त गावांत १९७२-७३ चा दुष्काळ आठवणारी माणसे आजही घरोघर आहेत. मुलाने आजीला विचारावे आणि तिच्याच शब्दांत लिहून आणावे. खडी फोडायला किती कोस जावे लागे, मिलो ज्वारीची भाकरी कशी लागे, सुकडी कोठे वाटत, हे सारे त्यात येईल. त्यानंतर पुस्तकातील नकाशा उघडावा आणि पश्चिमेकडून येणारे ढग घाटमाथ्यावर कोसळतात व पूर्वेकडे पाऊस उणा होतो, हे समजावून द्यावे. मग ‘आपल्या गावी पाऊस कमी का?’ ह्यावर चार ओळी मागाव्यात. पर्जन्यछाया हा शब्द तेव्हा मुलाला परका राहत नाही.

अशा लेखनात मुलाची घरची बोली येईल. येऊ द्यावी. विचार करताना जी भाषा मनात येते, तिच्यातच विचार प्रथम कागदावर उतरतो. प्रमाण भाषेचे संस्कार त्यानंतर भाषेच्या तासाला करता येतात. लहान मुलाच्या स्वतःच्या अनुभवात लेखनाचे केवढे बळ असते, हे पाहावयाचे तर पुण्यातील एका विद्यार्थिनीचे स्मरण करावे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई साळवे यांचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये प्रसिद्ध झाला. तो कोणत्याही फळ्यावरून उतरवलेला नव्हता. म्हणूनच तो आजही वाचला जातो.

आता अडचणींचा विचार करावयास हवा. दोन शिक्षक आणि चार इयत्ता अशा शाळेत आणखी वह्या कोणी तपासावयाच्या? हे लेखन तपासावयाचे नसून वाचावयाचे आहे. तासाच्या शेवटी पाच मिनिटे पुरतात. रोज दहाच वह्या वाचाव्यात. तीस मुलांचा फेरा तीन दिवसांत पुरा होतो. लाल शाईने ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करीत बसू नये. सर्वांच्या हातून होणाऱ्या दोन चुका टिपून त्या भाषेच्या तासाला घ्याव्यात. वहीत केवळ एखादा प्रश्न लिहावा, ‘मग पाणी गेले कोठे?’ एवढाच. शिवाय एक इयत्ता लिहीत असताना शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे मोकळा होतो, हा लाभही थोडा नव्हे. पहिली-दुसरीच्या मुलांनी चित्र काढून त्याखाली एक शब्द लिहिला तरी चालेल. मोठ्या मुलाने त्यांचे सांगणे लिहून घेतले तरी चालेल.

भीती एकच आहे. हेही लेखन फळ्यावर आदर्श नमुना म्हणून लिहिले जाईल, मुले ते उतरवतील, आणि तपासणीसाठी सुरेख वेष्टने घातलेल्या वह्यांचा आणखी एक गठ्ठा तयार होईल. तसे होणार असेल, तर हा उपक्रम न केलेलाच बरा.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी आईबापांबरोबर जाणारी मुले जिल्ह्यात अनेक आहेत. काही दूरच्या शाळेत बसतात, काही वसंतात परत येतात. उतरवलेली वही घेऊन गेलेल्या मुलाविषयी नव्या शिक्षकाला काहीच कळत नाही. त्याला पुन्हा पहिल्या पानापासून आरंभ करावा लागतो, आणि पुष्कळदा तो आरंभ होतच नाही. स्वतः लिहिलेली दहा पाने त्या मुलाजवळ असतील, तर ते कोठवर पोचले आहे आणि कोठे अडले आहे, हे ती पाने सांगतील.

तेव्हा पुढील सोमवारपासून प्रत्येकाने कोणताही एक विषय निवडावा आणि रोजची पाच मिनिटे त्यासाठी राखावीत. पुढील परिषदेला येताना तीन वह्या आणाव्यात. त्या वर्गातील उत्तम वह्या नसाव्यात. ज्या वाचून शिक्षकाला एखाद्या मुलाविषयी पूर्वी ठाऊक नसलेले काही कळले, अशा असाव्यात.