एका राष्ट्राचा वाद्यवृंद

हिंदुस्थानी संगीताच्या बैठकींत मुख्य गायक एकच असतो. त्याची प्रतिभा, तंबोऱ्याचा स्वर आणि तबल्याची साथ एवढ्यावर ती बैठक उभी राहते. पाश्चात्य सिंफनी वाद्यवृंदाची गोष्ट निराळी. तेथें ऐंशी-नव्वद वादक पुढ्यांत स्वरलिपि ठेवून, एका संचालकाच्या हाताकडे पाहत, एकदिलानें वाजवितात. असा वृंद वर्षानुवर्षें पोसावयाचा तर त्याच्यामागें सारा समाज उभा असावा लागतो. म्हणूनच कांहीं देशांत तो राष्ट्राच्या अभिमानाचा विषय झाला आहे. चेक लोकांचा इतिहास हें याचें उत्तम उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकांत चेक लोकांचा बोहेमिया प्रांत ऑस्ट्रियाच्या अमलाखालीं होता. कचेऱ्यांत व प्रतिष्ठित वर्गांत जर्मन भाषेचा वरचष्मा असे. स्वतःचें राज्य नसलेल्या या लोकांनीं भाषा, नाटक व संगीत यांच्या द्वारें आपलें स्वत्व जागें ठेविलें. बेद्रिच स्मेताना यास १८७४ सालीं पूर्ण बहिरेपण आलें. तरीहि त्यानें १८७९ पर्यंत 'माझा देश' ही सहा स्वरकाव्यांची माला पुरी केली. तींत व्लतावा नदीचे दोन झरे एकत्र येतात, काठावर खेड्यांतलें लग्न चालतें, खडकांवर पाणी आदळतें आणि शेवटीं नदी प्राग शहरापाशीं येते. हें सर्व शब्दांवांचून, केवळ वाद्यांनीं ऐकविलें आहे.

अशा रचनांना साजेसा वृंद ४ जानेवारी १८९६ रोजीं लोकांपुढें आला. त्या दिवशीं प्रागच्या रुडोल्फिनम सभागृहांत चेक फिलहार्मोनिकचा पहिला जलसा झाला आणि आंतोनिन द्वोर्झाक यानें स्वतःच्या रचनांचें संचालन केलें. वादक मूळचे राष्ट्रीय नाट्यगृहाचे. १९०१ सालीं संपामुळें त्यांना नाट्यगृह सोडावें लागलें, तेव्हां हा वृंद स्वतंत्र झाला. पुढें १९१९ पासून वाक्लाव तालिख यानें त्याला कसून शिस्त लावली आणि त्याची कीर्ति परदेशीं पोंचविली.

मार्च १९३९ मध्यें नाझी फौजा प्रागमध्यें शिरल्या. त्याच वर्षींच्या जूनमध्यें तालिखनें 'माझा देश' सादर केला. अखेरचा स्वर विरला, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि श्रोते आपण होऊन राष्ट्रगीत गाऊं लागले. नॉर्वेच्या नभोवाणीमुळें जपल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणांत तो क्षण आजहि ऐकूं येतो. परंतु परक्यांच्या अमलांत कलावंताची वाट बिकट असते. युद्ध संपल्यावर त्याच तालिखवर शत्रूशीं सहकार्य केल्याचा आरोप आला व कांहीं काळ त्याला तुरुंगांत राहावें लागलें.

त्याच्या मागून आलेल्या राफाएल कुबेलिकनें १९४८ सालीं साम्यवादी राजवट येतांच देश सोडला. १९५० मध्यें सूत्रें हातीं घेणारा कारेल आंचेर्ल आउश्विट्झच्या छळछावणींतून वांचलेला होता. पत्नी व मुलगा त्यानें तेथेंच गमावलीं होतीं. १९६८ सालीं रशियन रणगाडे प्रागमध्यें आले, आणि त्यानेंहि देशत्याग केला.

माणसें गेलीं, वृंद राहिला. त्याच्या पन्नाशीनिमित्त १९४६ सालीं 'प्रागचा वसंत' हा संगीतमहोत्सव सुरू झाला होता. १९५२ पासून १२ मे या स्मेतानाच्या पुण्यतिथीस 'माझा देश' वाजवून त्याचा आरंभ करण्याचा प्रघात पडला. साम्यवादी राजवट कोसळल्यावर १९९० च्या महोत्सवांत कुबेलिक बेचाळीस वर्षांनीं मायदेशीं परतला आणि त्याच वृंदाकडून त्यानें तीच रचना वाजवून घेतली.

राष्ट्रीय वाद्यवृंदाला सरकारी अनुदान लागतें, उत्तम सभागृह लागतें, वादकांना नियमित वेतन लागतें. १९४५ नंतर चेक वृंदाला सरकारी आधार मिळालाहि. परंतु १९३९ च्या त्या रात्रीं श्रोत्यांना गावेंसें वाटलें, तें कोणत्याहि सरकारच्या हुकुमानें नव्हे. संकटाच्या वेळीं लोक ज्याच्याकडे आपलें म्हणून धांव घेतात, तोच वृंद राष्ट्राचा होय.