शिक्का आणि माणूस



आजचा विषय समाजशास्त्राचा असला, तरी आरंभ आम्ही आपल्याच गावातल्या एका वस्तीपासून करतो. 'सेटलमेंट' हा शब्द सोलापुरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पारधी, कैकाडी अशा जमातींना सरकारने गुन्हेगार ठरविले आणि तेथे तारेच्या कुंपणात ठेवले. हजेरी चुकली की शिक्षा. पाळण्यातल्या पोराने कसलीही चोरी केलेली नसे; पण शिक्का त्याच्या आधीच जन्मलेला असे.

या व्यवस्थेचे मूळ 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यात आहे. त्याचे दोन भाग होते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. पहिला जमातींचा, दुसरा तृतीयपंथीयांचा. 377व्या कलमाखालच्या अपराधाचा संशय आला, की त्यांचे नाव नोंदवहीत चढे; मग स्त्रीवेषात रस्त्यावर येणे हाही गुन्हा. हा कायदा प्रथम उत्तरेकडे लागू झाला. पुढे 1911च्या कायद्याने जमातींवरची बंधने आपल्या इलाख्यातही आली. म्हणजे गुन्हेगार ठरविलेल्या जमाती आणि तृतीयपंथी यांना 1871च्या कायद्याने एकाच पंक्तीला बसविले होते.

अमेरिकेतील हॉवर्ड बेकर यांनी 1963 साली मांडले, की एखादे वर्तन स्वभावतःच वावगे नसते. नियम करणारे ज्याला वावगा म्हणतात, तो वावगा ठरतो. सेटलमेंटमधल्या म्हातारीला हे पुस्तक न वाचताच कळले असते!

त्याच वर्षी अर्व्हिंग गॉफमन यांनी कलंकाचे प्रकार सांगितले. काही कलंक वंशाने येतात, काही एकट्याच्या वाट्याला येतात. येथे आमच्या दोन उदाहरणांत फरक पडतो. पारध्याचे पोर पोलिसाचा मार खाऊन घरी येई, तेव्हा त्याची आईही त्याच शिक्क्याची असे. ती त्याला जवळ घेई. समलिंगी मुलाचे काय? त्याचा शिक्का घरात दुसऱ्या कोणाचाच नसतो. बाहेर ऐकलेली शिवी त्याला घरच्या पंगतीतही विनोद म्हणून ऐकावी लागते. म्हणून तो लपवितो, आणि लपविण्यातच त्याचे तारुण्य खर्ची पडते.

31 ऑगस्ट 1952 रोजी त्या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. पण त्यानंतरही चोरी झाली, की बोट पारध्याच्या पालाकडेच वळे. तृतीयपंथीयांचे हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली मान्य केले. 6 सप्टेंबर 2018 रोजी संमतीने होणारा समलिंगी संबंध गुन्हा उरला नाही. विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास मात्र 2023 साली नकार मिळाला. ती लढाई बाकी आहे, आणि ती न्यायालयात व संसदेत होईल.

पण खोली भाड्याने देताना, कामावर घेताना, पंगतीतल्या त्या विनोदावर हसताना न्यायाधीश कोण असतो? आपणच. तारेचे कुंपण सरकारने घातले होते, ते सरकारला काढता आले. मनातले कुंपण ज्याचे त्यानेच काढावयाचे आहे. आपल्या घरातले एखादे मूल त्याच्या आत उभे नसेलच, अशी खात्री आपल्यापैकी कोण देईल?